आवाजाला पापी ठरविण्यापूर्वी

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील ज्येष्ठ मंडळी बिंग क्रॉस्बी, पेरी कोमो, जिम रीव्हज यांच्या गीतांची आठवण काढतात आणि त्याच दमात आजच्या तरुण गायकांना दूषणे देतात. ते गाणे सात्त्विक, हे उथळ. तो आवाज निर्मळ, हा चाळे करणारा, असा निवाडा क्षणात होतो. या निवाड्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्या गायकीला आज आपण सात्त्विकतेचे प्रमाणपत्र देतो, तिलाच एकेकाळी आपल्याच ख्रिस्तसभेतील एका श्रेष्ठींनी त्याज्य ठरविले होते.

जानेवारी १९३२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी जाहीर भाषणात 'क्रूनिंग'वर कोरडे ओढले. गायनाची ही रीत अधःपतित आहे, विषयासक्त आहे, पुरुषाला न शोभणारी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. असे घडले तरी काय होते? १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला. तोवर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर गायकाला छातीचा भाता फुलवावा लागे. आता कानाशी बोलावे तसे गाता येऊ लागले. रूडी व्हॅली, क्रॉस्बी यांचे हळुवार सूर रेडिओवरून थेट दिवाणखान्यात आले. परक्या पुरुषाचा आवाज इतका जवळ आलेला पाहून प्रतिष्ठित समाज दचकला आणि आपल्या दचकण्यालाच त्याने नीतीचे नाव दिले.

पुढे काय झाले? जेझुइटांच्या गोंझागा विद्यापीठात शिकलेल्या याच क्रॉस्बीचे 'व्हाइट ख्रिसमस' १९४२ साली घरोघरी पोहोचले. १९४४ च्या 'गोइंग माय वे' या चित्रपटात त्याने फादर ओमॅली हा धर्मगुरू रंगविला आणि त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. भाषण आणि चित्रपट यांत अंतर अवघ्या बारा वर्षांचे! माइकशी लगट करणारी ती गायकी तीच होती. बदलले होते ते ऐकणारे कान.

ते कान पुढेही बदलतच राहिले. रॉक संगीताच्या पिढीला हे गायक शिळे वाटले. १९८३ साली क्रॉस्बीच्या थोरल्या मुलाने आत्मकथनातून पित्याचा कठोरपणा जगापुढे मांडला, तेव्हा अनेकांना त्या आवाजातील मायाच खोटी वाटू लागली. २००१ मध्ये गॅरी गिडिन्स यांच्या चरित्रग्रंथाने त्याच्या कलेकडे पुन्हा आदराने पाहायला लावले. फ्रँक सिनात्राचेही तेच. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासाठी मुलींची झुंबड उडाली. १९५२ मध्ये ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने त्याची साथ सोडली. आणि त्यानंतरच्या, कोवळीक सरलेल्या, जखमी आवाजातील गाण्यांनाच आज रसिक त्याचे श्रेष्ठ गायन मानतात.

मग ख्रिस्ती माणसाने बरेवाईट निवडूच नये काय? अवश्य निवडावे. पोप पायस दहावे यांनी १९०३ साली उपासना-संगीताला कसोट्या घालून दिल्या: ते पवित्र असावे, कलादृष्ट्या सकस असावे, सार्वत्रिक असावे. त्या कसोट्या वेदीसमोरच्या गायनासाठी आहेत. अंगणातल्या आणि लग्नमांडवातल्या गाण्यांना त्या सरसकट लावणे हा कसोट्यांचाच अवमान होय. शब्द अश्लील असतील तर ते शब्द दाखवून द्यावेत. चाल मिस्साबलीस विजोड असेल तर ती का विजोड आहे हे समजावून सांगावे. पण केवळ स्वर मृदू आहे, माइकच्या जवळ आहे, अपरिचित आहे म्हणून त्याला पापी ठरविणे हा विवेक नव्हे, तो सवयीचा हट्ट होय.

या हट्टाची किंमत कोण मोजतो? कार्डिनलांच्या टीकेने क्रॉस्बीचे काही अडले नाही. आपल्या गायकवृंदातील सतरा वर्षांच्या मुलाचे मात्र अडते. 'हे सिनेमातले गाणे वाटते' असा एकच शेरा ऐकून तो पुढच्या रविवारी सरावाला येत नाही, आणि मग आपणच सभांतून विचारतो की तरुण गेले कुठे!

ज्येष्ठांनी आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका जरूर जपाव्यात. मात्र त्या गायकांनाही कधीकाळी असाच एक शेरा सोसावा लागला होता, एवढे ध्यानात ठेवून आजच्या मुलाचे गाणे निदान शेवटपर्यंत ऐकावे.