दंतमंजनाच्या डबीवरील एक शब्द

आपल्या व्यवसायातील अनेक दंतमंजनांच्या व गंडूषतैलांच्या वेष्टनांवर ‘जंतुनाशक’ हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो. या शब्दाचा आपण सर्वांनीच पुनर्विचार करावा, असे आम्हांस वाटते.

इ.स. १६८३ मध्ये लेव्हेनहूक याने दातांवरील पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यास असंख्य जीव हालताना दिसले. ‘बायोफिल्म’ म्हणतात तो हाच थर. चिकट द्रव्याने सांधलेली जंतूंची वसाहतच ती. स्ट्रेप्टोकॉकस कुळातील जंतू प्रथम दातास चिकटतात. फ्युझोबॅक्टेरियम हे आधीच्या व नंतरच्या जंतूंमधील दुवा ठरतात. पुढे हिरडीखालच्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या फटीत पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे उपद्रवी जंतू ठाण मांडतात. एकाने टाकलेले द्रव्य दुसऱ्याचे अन्न होते. अशा थरातील जंतूंवर औषधाचा प्रभाव सुट्या जंतूंपेक्षा पुष्कळच कमी पडतो. म्हणून परीक्षानळीत गुणकारी ठरलेला काढा मुखातही तितकाच गुणकारी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

शिवाय हे सर्वच जंतू शत्रू नव्हेत. जिभेवरील काही जंतू पालेभाज्यांतून येणाऱ्या नायट्रेटचे नायट्राइट करतात व ते रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साह्यभूत होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींनी सात दिवस क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या केल्या असता त्यांचा रक्तदाब किंचित वाढलेला आढळला.

मग उपाय कोणता? १९६५ मध्ये डेन्मार्कमधील प्रयोगात निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू करताच पूर्ववत झाल्या. चरकसंहितेत दिवसातून दोनदा, हिरड्यांना इजा न करता दंतधावन करण्यास सांगितले आहे, त्याचे मर्म येथे उमगते. थर रोज बसतो. तो रोज घासूनच काढावा लागतो.

यात केवळ दातांचा प्रश्न नाही. मधुमेहात हिरड्यांचा विकार बळावतो आणि तो विकार उलट रक्तशर्करेचे नियंत्रण अवघड करतो. म्हणून प्रमेही रुग्णाची नाडी पाहणाऱ्या वैद्याने त्याच्या हिरड्याही पाहाव्यात. शीतादाप्रमाणे रक्त येत असेल, पू असेल वा दात हलत असेल, तर रुग्णास दंतवैद्याकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. औषधविक्रेत्यांनीही गंडूष हा घासण्यास पूरक आहे, पर्याय नव्हे, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. डबीवर ‘जंतुनाशक’ऐवजी ‘दंतशोधनासाठी’ एवढेच छापले, तरी शास्त्राचा मान राखला जाईल आणि रुग्णाची दिशाभूलही टळेल.