नातवाला घेतलंत का?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेत काय असावं, याबद्दल आपल्याकडे एक अलिखित घटना आहे. चॉकलेटं असावीत. ती मुलुंड स्टेशनबाहेरसुद्धा मिळतात, पण असावीत. अत्तराची बाटली असावी, फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट असावेत, मेव्हणीने सांगितलेली पर्स असावी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी 'तिकडचं प्युअर असतं हो' म्हणून सांगितलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा डबा असावा. हे झालं सज्जन सामान. पण त्याच बॅगेतून १/७२ प्रमाणाच्या स्पिटफायर विमानाचा खोका, प्लॅस्टिक कापायचा कटर, वाकड्या चोचीचा चिमटा आणि बोटाएवढ्या रुंदीच्या पॉलिश पेपरच्या पट्ट्या निघाल्या, की हॉलमध्ये जी शांतता पसरते तशी शांतता मी फक्त मुलगा दहावीला गणितात राहिलेल्या घरात पाहिली आहे. मग कोणी तरी माणुसकी दाखवतं आणि विचारतं, "नातवाला घेतलंत का?"

या प्रश्नाशी माझं वैर आहे. नातू आहे मला. तो साडेतीन वर्षांचा आहे आणि त्या खोक्यात गिळता येण्याजोगे तीसेक तुकडे आहेत. त्याला मी चेंडू आणला. विमान माझं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होईल, अशा मापाने सगळं विमान लहान केलेलं. खोका उघडला की विमान नसतंच. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे भाग लटकलेले असतात. एकेक भाग कापून सोडवायचा, कापल्याची खूण कानसायची, जोड लावून बघायचा, फट राहिली तर पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं, रंग द्यायचा, आणि शेवटी पाण्यात भिजवलेली चिन्हं कागदावरून सरकवत पंखावर बसवायची. यातलं एकही काम घाईने होत नाही. एका हातात मोबाईल धरून तर मुळीच होत नाही. दोन महिन्यांनी टेबलावर साडेपंधरा सेंटिमीटर पंखांचं एक विमान उभं राहतं. ते उडत नाही, आवाज करत नाही, त्याचा कोणाला काही उपयोग नाही. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा.

आता गंमत बघा. ज्या ग्रुप टूरमध्ये मी गेलो होतो, तिच्यात हॉलंडमधलं मादुरोदाम होतं. हेग शहरात १९५२ साली उघडलेलं, १/२५ प्रमाणात बांधलेलं चिमुकलं गाव. आमच्या बसमधली पस्तीस मराठी माणसं तिथे अक्षरशः हरखली. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ कालव्यातल्या इटुकल्या बोटीशेजारी उकिडवे बसले आणि 'फोटो काढ गं' म्हणून बायकोच्या मागे लागले. पण ते गाव कशासाठी उभं राहिलं, हे कोणी विचारलं नाही. जॉर्ज मादुरो नावाचा एक तरुण डच अधिकारी जर्मनांशी लढला, पकडला गेला आणि १९४५ मध्ये दाखाउच्या छळछावणीत मेला. त्याच्या आईवडिलांनी पैसा दिला आणि मुलाचं स्मारक म्हणून हे खेळण्यातलं गाव झालं. तिथे कोणाला ते पोरकट वाटलं नाही.

तर मादुरोदामला हरखलेल्या याच मंडळींनी, मी लंडनमध्ये मोकळ्या दुपारी छंदाचं दुकान शोधायला निघालो तेव्हा माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. टूरवाला पोरगा तर गडबडलाच. "काका, आउटलेट मॉलचा स्टॉप आहे ना आपला!" म्हणजे १/२५ चं गाव तिकीट काढून पाहणं हा प्रवास, आणि १/७२ चं विमान विकत घेऊन स्वतः करणं हा बालिशपणा! प्रमाण जेवढं लहान, तेवढी माणसाची अक्कल लहान, असं काही गणित असावं.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे, हे तर मी मुळीच मान्य करणार नाही. दिवाळीत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बिल्डिंगीबिल्डिंगीच्या कोपऱ्यात पोरं किल्ले करतात. दगड, विटा, पोती, माती, वर हळीव पेरून केलेलं जंगल. महाराष्ट्राइतकी प्रतिकृती करणारी जनता मला तरी दुसरी माहीत नाही. फक्त आपण प्रमाणापाशी गडबडतो. आपला मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असतो, त्याला गडात शिरायचं तर तटावरून उडी मारावी लागेल, आणि महाराज सिंहासनासकट बालेकिल्ल्याएवढे. महाराजांचं मी समजू शकतो, ते मोठेच होते. पण तोफेपेक्षा कोंबडी मोठी का? आणि बाराव्या-तेराव्या वर्षी, हाताला वळण लागून प्रमाण कळू लागतं नेमकं तेव्हा, आपण पोराला क्लासला घालतो. तिथे त्याचा किल्ला संपतो तो संपतोच. मोठेपणी तो किल्ला बघायला स्पर्धेचा परीक्षक म्हणूनच येतो.

या नियमाला अपवाद आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर छंद म्हणून आगगाड्या केल्या आणि १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. सिग्नल, रूळ, डोंगर, गाड्या, सगळं प्रमाणशीर. तिथे कधी गेलात तर गाड्यांपेक्षा प्रेक्षक बघा. बाप मुलाचं बोट धरून शिरतो. दहा मिनिटांत मुलगा कंटाळतो, त्याला बाहेर आईस्क्रीम दिसलेलं असतं. बाप मात्र काचेला नाक लावून उभा! मूल हा त्याचा प्रवेशाचा परवाना असतो. एकट्याने आलेला पन्नाशीचा माणूस मी तिथे फार थोड्या वेळा पाहिला आहे. लाज वाटते हो.

"पण हत्यारं तरी इथलीच घ्यायचीत!" असं स्वदेशीवाले म्हणतील. घेतो ना. मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातो. बारीक कानशी तिथे उत्तम मिळतात. अडचण एकच. मी एक कानस मागितली की दुकानदार आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे बघतो, की उरलेली ऑर्डर कोण घेऊन आलंय. चिमट्यासाठी मी झवेरी बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानीही जातो आणि तो चिमटा जपानी चिमट्याच्या तोडीस तोड असतो, हे इथे छातीठोकपणे लिहितो. पण कटर? आपला कटर तार तोडायला जन्मलेला. प्लॅस्टिकला लावला की तो भाग कापत नाही, चावतो. जपानात त्सुबामे नावाच्या, धातुकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात एक कंपनी फक्त किटचं प्लॅस्टिक कापायला एका बाजूनेच धार असलेला कटर करते. त्याने तार कापाल तर धार गेलीच म्हणून समजा. आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात त्याने पडद्याची तार तोडायचा घाट घातला गेला. मी आडवा पडलो म्हणून वाचला.

आता सरकारकडे वळतो. जकातीच्या यादीत ९५०३ असा एक आकडा आहे. त्याखाली कोण कोण नांदतं? तिचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांना फिरवायच्या गाड्या, तऱ्हेतऱ्हेची कोडी, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून 'प्रमाणबद्ध प्रतिकृती'. म्हणजे 'नातवाला घेतलंत का' हा प्रश्न केवळ आमच्या हॉलमधला नाही, तो जागतिक आहे. यादी साऱ्या जगाची एकच, पण दर ज्याचा त्याचा. २०२० च्या अर्थसंकल्पात आपल्याकडे या आकड्यावरची जकात २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. हेतू वाईट नव्हता. स्वस्त परदेशी खेळण्यांनी इथल्या कारागिरांचं पोट मारू नये, हे मलाही पटतं. पण स्पिटफायरने कोणत्या बाहुलीवाल्याचं पोट मारलं? बॅगेतून आणलेल्या वस्तूला नियम वेगळे, म्हणून माझं निभावतं. मरतो तो इथे दुकान घालू बघणारा. मग दुकान निघत नाही, दुकान नाही म्हणून पोरांना हे ठाऊक होत नाही, आणि हौशी माणसाला कटर घ्यायला विमानात बसावं लागतं.

विमानाचेही नियम आहेतच. किटचा पातळ डिंक आणि बरेचसे रंग ज्वालाग्राही, ते विमानात नेता येत नाहीत. योग्यच आहे. म्हणजे विमान करायचा खोका आणता येतो, विमान चिकटवायचा डिंक आणता येत नाही.

आणि आता सगळ्यात कडू घोट. माझं स्पिटफायर एअरफिक्सचं. एअरफिक्स ही जुनी ब्रिटिश कंपनी, २००६ मध्ये हॉर्नबीने ती विकत घेतली. घरी येऊन खोक्याची कड बघतो तर तिथे बारीक अक्षरांत छापलेलं: 'मेड इन इंडिया'! हॉर्नबीने मध्यंतरी काही वर्षं एअरफिक्सची किटं भारतात काढून घेतली होती, त्यातला हा जुना खोका. विमान भारतात जन्मलं, जहाजाने विलायतेला गेलं, तिथे मी ते पौंड मोजून घेतलं आणि मुलुंडला आणलं. एखाद्या मुलाला शिकायला विलायतेला पाठवतात, तसं.

म्हणजे आपल्याला करता येत नाही हे खोटं. आमच्याच सोसायटीत एक निवृत्त टूलमेकर राहतात. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मुलुंड-भांडुप-विक्रोळीला कारखान्यांची रांग होती, त्या काळचे. आता तिथे टॉवर आहेत आणि अण्णा सकाळी त्या टॉवरांच्या सावलीत चालायला जातात. त्यांना मी खोका दाखवला. त्यांनी नातवाचं नाव काढलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, चौकट खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, "डाय सुरेख आहे हो." मग मला अर्धा तास शिकवलं. माल कुठून आत शिरला, भाग ढकलून काढणाऱ्या पिनेची गोल खूण कुठे उमटली, डायचे दोन अर्धे जिथे मिटले ती रेघ किती बारीक आहे.

"अण्णा, तुम्ही काय काढलंत एवढी वर्षं?"

"साबणाच्या डब्या. बादल्यांचे कान. मिक्सरची झाकणं."

"असलं विमान का नाही काढलंत?"

"काढलं असतं की. कोणी ऑर्डर नाही दिली."

शिझुओकाला दिली. तामिया ही तिथली कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या व्यापारात सुरू झाली, लाकडी प्रतिकृती करू लागली, आणि १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. रणगाड्यांसाठी जगभर चालणारं १/३५ हे प्रमाण आलं कुठून, ठाऊक आहे? त्यांच्या पहिल्या रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जे माप धरलं, त्यातून. इतकी घरगुती अडचण! आज जपानची बहुतेक किटं शिझुओका शहरात होतात आणि २०२१ पासून शहराने रस्त्यात अशी टपालपेटी उभी केली आहे की जणू किटमधले सुटे भाग, चौकटीसकट. आमच्या उपनगरांच्या चौकांत काय असतं? 'आय लव्ह अमुकतमुक', मध्ये लाल बदाम. तोही एका बाजूला जरा कललेला. अण्णा रोज त्याच्याकडे बघून 'दोन अंश' म्हणतात.

डिंकाचा प्रश्न अण्णांनीच सोडवला. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे ॲक्रिलिक जोडायचं पातळ द्रावण असतं, त्याची इवलीशी बाटली ते घेऊन आले, आधी चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहिलं, खिडक्या उघडायला लावल्या आणि मगच मला हात लावू दिला. काल पंख बसवले. स्पिटफायरचे पंख सपाट नसतात, टोकांकडे सहा अंश वर उचललेले असतात. मी डोळ्यांच्या अंदाजाने बसवले आणि खाली मान घालून कौतुकाची वाट बघत राहिलो. अण्णांनी खिशातून पितळी कोनमापक काढला, लावला, पुन्हा लावला.

"साडेपाच भरतोय," ते म्हणाले. "ओला आहे तोवर काढा परत."