एक वर्ष बुडाले, म्हणून मुलगाच बुडवायचा?

पनवेल स्थानकातून बाहेर पडून माथेरानच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सुकापूर लागते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आलेल्या हजारो कुटुंबांचे हे गाव. सकाळी सहाच्या सुमारास येथील रस्त्यांवर डबे आणि दप्तरे घेतलेल्या माणसांची स्थानकाकडे रीघ लागते. त्या गर्दीत आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगाही दोन वर्षे दिसत असे. माहिती तंत्रज्ञान विषयात बी.एस्सी. करत होता. घराण्यातला पहिलाच मुलगा, ज्याने महाविद्यालयाचे तोंड पाहिले. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर त्याचे शिक्षण चालले होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली. दीड महिना अंथरुणावर गेला. हजेरी भरली नाही, टर्म ग्रँट झाली नाही, परीक्षा हुकली. जूनमध्ये पुन्हा द्वितीय वर्षालाच प्रवेश घ्यायला तो गेला, तेव्हा खिडकीपलीकडून सांगण्यात आले, ‘‘रिपीटरला शिष्यवृत्ती नाही. फी भरा, मग बघू.’’ विनाअनुदानित अभ्यासक्रमाची फी पहारेकऱ्याने कोठून भरायची? मुलगा आता कळंबोलीतील एका गोदामात माल उतरवतो. त्याची आई मला म्हणाली, ‘‘भाऊ, पोरगं नापास नाही झालं हो, आजारी पडलं. सरकारच्या कागदात त्याला वेगळा रकाना नाही का?’’

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेखप्रपंच.

नियम काय सांगतो?

वस्तुतः रकाना आहे, किंबहुना जुनाच आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही स्वातंत्र्याच्याही आधीची, १९४४ सालची योजना. तिच्या २०१० सालच्या केंद्रीय नियमावलीत स्पष्ट म्हटले होते की आजारपणामुळे वा अन्य अनपेक्षित कारणाने विद्यार्थी वार्षिक परीक्षेस बसू शकला नाही, तर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन आणि ‘परीक्षा दिली असती तर तो उत्तीर्ण झाला असता’ असा संस्थाप्रमुखाचा दाखला घेऊन पुढील वर्षी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करता येते. याच नियमावलीत आणखी एक समंजस कलम होते. विद्यापीठाच्या नियमानुसार एखाद्याला खालच्या वर्गाचे विषय राहिले असतानाही वरच्या वर्गात प्रवेश मिळाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत ए.टी.के.टी. मिळाली, तर वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला द्यावी.

मग अडते कोठे? अडते ते त्याच्यापाशी, ज्याला वरचा वर्ग मिळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर याच शिष्यवृत्तीच्या अटींत सांगितले आहे की विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला तर त्या वर्षाचा लाभ मिळेल, परंतु पुढील वर्गात जाईपर्यंत निर्वाह भत्ता व परीक्षा शुल्क मिळणार नाही. म्हणजे ज्या वर्षी मदतीची सर्वाधिक निकड, नेमके तेच वर्ष कोरडे! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आणि यातही पंक्तिप्रपंच आहे. २०१० च्या त्याच केंद्रीय नियमावलीत वैद्यक, अभियांत्रिकी आदी पहिल्या गटातील अभ्यासक्रमांचा विद्यार्थी प्रथमच नापास झाला तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करता येईल आणि दुसऱ्या अपयशानंतर मात्र खर्च त्याने स्वतः सोसावा, अशी तरतूद होती. ही तरतूद उत्तमच. प्रश्न इतकाच की जो न्याय भावी डॉक्टरला, तो बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला का नाही? गावाकडची, वस्तीतली, घराण्यात प्रथमच शिकणारी बहुसंख्य मुले याच शाखांत असतात. अभियांत्रिकीच्या गणितात अडखळणे क्षम्य आणि इतिहासाच्या पेपरात अडखळणे अक्षम्य, हे कोणते शास्त्र?

‘करदात्यांचा पैसा नापासांवर का उधळायचा?’

हा प्रश्न आपल्याच बैठकीत, आपल्याच घरातील दिवाणखान्यात विचारला जातो. विचारणारे प्रामाणिक असतात. कष्टाने कर भरणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा अधिकारही आहे. म्हणून त्याला टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिले उत्तर हिशेबाचे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली. त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा. इतका प्रचंड निधी देश कशासाठी बाजूला काढतो? मुलाने पदवी घेऊन बाहेर पडावे, म्हणून. दोन वर्षे पैसा घालून तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर हात काढून घेतला, तर आधीच्या दोन वर्षांचा पैसा पाण्यात गेला. भिंती उभ्या राहिल्यावर छपराचे पैसे नाकारणाऱ्या घरमालकाला आपण काटकसरी म्हणतो की वेडा? वाहून जाणारे पैसे वाचवायचे असतील, तर मुलाला पदवीपर्यंत पोहोचवणे हीच खरी काटकसर आहे.

रक्कम तरी केवढी? घरून ये-जा करणाऱ्या सर्वसाधारण पदवी विद्यार्थ्याचा या योजनेतील भत्ता २०२१ च्या सुधारित दरांनुसार वर्षाला ३,००० रुपये आहे. दिवसाला नऊ रुपयेही नव्हेत. खरा भार शुल्काचा, आणि तो एका जादा वर्षापुरता.

दुसरे उत्तर आळशी मुलांविषयी. मदत मिळाली तर मुले मुद्दाम नापास होतील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी एकदा अशा मुलाच्या घरी जाऊन बसावे. नापास होण्याची लाज, बापाची मान खाली जाणे, बरोबरीच्या मुलांचे पुढे निघून जाणे, या शिक्षा त्याला आधीच झालेल्या असतात. तरीही आळसाला आळा हवाच. म्हणून सवलत एकदाच द्यावी, हजेरीची अट घालावी, एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली द्यावी. दुसऱ्यांदा घसरला तर खर्च त्याचा त्याने करावा. यात कोणाचेही लाड नाहीत.

तिसरे उत्तर असे की नापास होण्याचे कारण प्रत्येक वेळी विद्यार्थीच असतो काय? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी घाईघाईने संगणकावर नेली आणि निकाल कित्येक महिने रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. अखेर त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाचे वर्ष बिघडले तर मुदतवाढ, आणि विद्यार्थ्याचे बिघडले तर शिष्यवृत्ती बंद, हा कुठला न्याय?

दोन चरित्रे

कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ साली एका मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. गणिताखेरीज दुसऱ्या विषयांत त्याचे मन लागेना. तो इतर विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातही तो एफ.ए.ची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकला नाही. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. पुढची काही वर्षे त्याने अर्धपोटी काढली, पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी केली. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली आणि १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पहिली शिष्यवृत्ती काढून घेणाऱ्याने नियमावर बोट ठेवले होते. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, आणि तरीही किती चूक होता!

दुसरे चरित्र आपल्या महाराष्ट्राचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. तेथून ते लंडनला आले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते नापास झाले नव्हते. मुदत संपली होती. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठवलेली पुंजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी.चा प्रबंधही एकदा दुरुस्तीसाठी परत आला. तो त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. दार पुन्हा उघडण्याची ती मुभा आणि ती मदत नसती तर? समरसतेचा विचार मांडणाऱ्या आपण सर्वांनी या ‘तर’चा विचार करावा.

साहेबाकडून घेतले काय?

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा, पदव्या, काळे झगे, सर्व काही आपण साहेबाकडून घेतले. आज त्याच इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला मिळणारे शासकीय अर्थसाहाय्य सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाची मुदत अधिक एक वर्ष या हिशेबाने मोजतात. पाय घसरलाच तर ते एक वर्ष हाताशी असते. आजारपण वा घरातील आपत्ती यांसारखे सबळ वैयक्तिक कारण पुराव्यानिशी दाखवले, तर आणखी एका वर्षाचा विचार होतो. तेथील मदत प्रामुख्याने कर्जरूप आहे, हे मान्य. पण तत्त्व साधे आहे, एका वर्षाच्या अपयशाने शिक्षण संपत नाही. झगे घेतले, तत्त्व मात्र तिकडेच राहिले!

आपल्या परंपरेला तरी हे परके आहे काय? पुण्यात वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. ताट वाढणारी गृहिणी मुलाची गुणपत्रिका मागत नसे. तोच भाव पुढे संस्थारूपाने आला. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे असोत, कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ असो, वा १९५५ पासून पुण्यात ग्रामीण मुलांना आसरा देणारी विद्यार्थी साहाय्यक समिती असो.

नवे धोरण, जुनी खिडकी

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने मधेच बाहेर पडण्याचा आणि पुन्हा प्रवेश घेण्याचा मार्ग मोकळा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि कमाल सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे धोरण लागू झाले. स्वागतार्ह आहे. परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची अट पाहा. अभ्यासक्रमात दोन वा अधिक वर्षांचा खंड नसावा! धोरण म्हणते, तीन वर्षांत ये. खिडकी म्हणते, दोन वर्षांत आला नाहीस तर तुझे तू बघ. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठी नवे धोरण आणि ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी जुनी खिडकी, अशी ही विभागणी होते. धोरण राबवणाऱ्या सरकारने आपल्याच दोन कागदांचा मेळ घालू नये काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. राज्यातील प्रत्येक शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत योजनेत अभ्यासक्रमाची मुदत अधिक एक वर्ष हा हक्क सर्व शाखांना सारखाच लागू करावा. आजारपण व आपत्तीसाठी अर्जातच स्वतंत्र रकाना ठेवावा. खंडाची मर्यादा नव्या धोरणाशी जुळवावी. आणि नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, खिडकीतून तोंडी नव्हे.

एक गोष्ट आजवर क्वचितच कोणाला सांगितली आहे. मी स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात नापास झालो होतो. ई.बी.सी. सवलत गेली. त्या काळी वर्षाची फी काही शे रुपयांतच असे, पण घरात तेवढेही नव्हते. आमच्या एका सरांनी ती भरली आणि पुन्हा त्याचा उच्चार केला नाही. ते नसते तर हा लेख लिहायला मी नसतो. परंतु एखाद्या मुलाचे भवितव्य त्याला असे सर भेटण्यावर अवलंबून असावे, हे राष्ट्राला शोभत नाही.

शासनाने जागे व्हावे तेव्हा होईल. तोवर आपण स्वस्थ बसायचे काय? प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने या जूनमध्ये एवढेच पाहावे, की आपल्या गल्लीतील कोणाचे महाविद्यालय थांबले आहे आणि का. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळवून देणे, प्राचार्यांना भेटणे, अर्ज लिहून देणे, नकार लेखी मागणे, याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. सुकापुरात आम्ही चार घरांनी मिळून पहारेकऱ्याच्या मुलाचा अर्ज वैद्यकीय कागदांसह पाठवला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. मुलगा रोज सकाळी गोदामात जातो. त्याची पुस्तके मात्र त्याच्या आईने अजून रद्दीत दिलेली नाहीत.