पाळकसाहेब, पंचांग पाळा!

मंडळी, या वीकेंडला कोड बाजूला. आज भांडण पुलपीटाशी आहे.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, ख्रिस्ती घरातला. सध्या मुक्काम हिंजवडी. सुट्टीत गावी गेलो की रविवारी चर्चला जातो. मेमध्ये गेलो, उपदेश दशमांशावर. दिवाळीत गेलो, दशमांश. नाताळाच्या आदल्या रविवारी गेलो, तर पुन्हा दशमांश! देव दुप्पट देणार, आमेन म्हणा, घरी जा.

माझं म्हणणं सरळ आहे. रविवारी कुठल्या उताऱ्यावर बोलायचं हे पाळकाच्या मर्जीवर सोडू नये. चर्चचं वर्ष पाळावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि पुढे लांबलचक साधा काळ. कॅथलिकांनी १९६९ साली तीन वर्षांचं वाचनचक्र आणलं. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मधूनमधून, विशेषतः ईस्टरच्या दिवसांत. त्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट चर्चेससाठी सामाईक चक्र १९९२ मध्ये निघालं. प्रत्येक रविवारचे उतारे ठरलेले.

आमच्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र अलायन्स मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. हे अमेरिकन मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलं. त्यांच्या परंपरेत नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर सोडले तर पंचांगाचं फारसं बंधन नाही. बाकी रविवारी पाळक म्हणेल तो उतारा. टेस्टरला सांगा, तुला आवडतील तेवढेच स्क्रीन तपास. सॉफ्टवेअरचं काय होईल? बायबलचं तेच होतं.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

सप्टेंबर २०२५ आठवा. अतिवृष्टीनं मराठवाडा-विदर्भात हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरच्या रविवारी कॅथलिक चक्रात पहिलं वाचन होतं हबक्कूकचं. हा संदेष्टा देवालाच जाब विचारतो की मी किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? हा उतारा कुणी पाऊस बघून निवडलेला नव्हता. तो कित्येक दशकं आधीच त्या जागी बसवलेला होता. पाळकाला आवडो न आवडो, तो वाचावाच लागतो.

आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतात. कर्जात बुडालेला माणूस शेवटच्या बाकावर बसलेला असतो. देवाशी भांडणं बायबलमध्येच आहे, हे त्याला कळलं तर तो निदान बोलेल तरी. आणि "तुझा विश्वास कमी पडला" एवढंच ऐकून तो घरी गेला तर? हा प्रश्न मला साधा वाटत नाही. आशीर्वादाचे उतारे पाळक आपणहून निवडतो. विलापाचे कोण निवडणार?

यावर दोन उत्तरं ठरलेली. पहिलं: "पवित्र आत्मा चालवतो, पंचांग कशाला? पौलानं गलतीकरांना दिवस-महिने पाळण्यावरून झापलंय." झापलंय, कबूल. मग नाताळाला स्टार कशाला टांगता? आणि आत्मा दरवेळी त्याच पाच उताऱ्यांकडे कसा चालवतो बुवा? वारकऱ्यांकडे बघा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि त्यात कृष्णलीलेचाच अभंग. तरी कीर्तनकाराची प्रतिभा कमी होत नाही. विषय बांधलेला असतो म्हणूनच ती कसाला लागते. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं ते उगाच नाही.

दुसरं उत्तर: "हे वर्ष युरोपचं. तिकडे ईस्टरला पालवी फुटते, इथे नळाला पाणी नसतं." हा मुद्दा वजनदार आहे. पण त्याचं उत्तर वर्ष टाकून देणं नव्हे, ते आपल्या आभाळाखाली वाचणं. पेंटेकॉस्ट हा मुळात यहुद्यांचा गव्हाच्या कापणीचा सण. २०२५ मध्ये तो ८ जूनला आला, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर! तिकडे कापणी, इथे पेरणीची घाई. एवढ्या फरकावर अख्खा उपदेश उभा राहतो. स्वर्गारोहणाआधीचे तीन दिवस जुन्या परंपरेत शेताशिवारासाठी प्रार्थनेचे. ते एप्रिल अखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत कधीही येतात. नांगरट झालेली, बियाण्याचे पैसे जमवायचे, नजर ढगांकडे. याहून योग्य वेळ कुठली?

कॅथलिक फादरसुद्धा ठरलेला उतारा वाचून भलतंच बोलू शकतात. मान्य. पण तिथे उतारा लोकांच्या कानावर तरी पडतो, आणि फादर कशावर बोलायचं टाळतायत हे सगळ्यांना दिसतं. मर्जीच्या कारभारात तेही दिसत नाही.

तेव्हा पाळकसाहेब, येत्या आगमनकाळापासून तीन वर्षं हे करून बघा. खर्च शून्य. दशमांशाचा उताराही येईल कधीतरी, त्याची पाळी आली की.