प्लास्टर निघाल्यावर

अपघातातून वाचलेला माणूस इस्पितळातून घरी येतो, तेव्हा घरात सणासारखे वातावरण असते. दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो. देवापुढे नारळ फुटतो. शेजारीपाजारी भेटून जातात आणि जो तो म्हणतो, "जिवावरचे बोटावर निभावले. आता झाले ते विसरून जा!"

सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्याला सांगितले जाते, त्याला नेमके तेवढेच जमत नसते. तो मान हलवतो आणि गप्प बसतो.

दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर निघते. हाड जुळले, कामावर जायला हरकत नाही, असे डॉक्टर सांगतात. घरच्यांच्या लेखी प्रकरण संपलेले असते. त्याच्या लेखी मात्र ते आता सुरू होते. स्कूटरची किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम फुटतो. रात्री रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक लावला, तर तो अंथरुणात उठून बसतो. मुलाच्या हातून ताट पडले तरी त्याच्यावर खेकसतो. मग स्वयंपाकघरात कुजबुज सुरू होते, "अपघातापासून हे फार चिडखोर झालेत."

हा स्वभाव बदललेला नसतो. ही न दिसणारी जखम असते.

विमानाला विश्रांती, माणसाला घाई

१४ फेब्रुवारी १९९० रोजी भर दुपारी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरच्या तेव्हाच्या विमानतळावर उतरत होते. धावपट्टी थोडक्यात चुकली. विमान अलीकडच्या गोल्फच्या मैदानावर टेकले, बांधावर आदळले आणि पेटले. विमानात १४६ माणसे होती. त्यांपैकी ९२ दगावली, ५४ वाचली.

या अपघाताची न्यायालयीन चौकशी झाली. विमानाचा वेग, उंची, वैमानिकांचे निर्णय, सगळे तपासले गेले. ए-३२० जातीची इंडियन एअरलाइन्सची सगळी विमाने कित्येक महिने जमिनीवर ठेवण्यात आली. पूर्ण खात्री झाल्यावाचून त्यांना पुन्हा उडू द्यायचे नाही, हा विचार योग्यच होता.

यंत्राला आपण अशी सवड देतो. माणसाने मात्र पंधरा दिवसांत पूर्वीसारखे हसावे-बोलावे, अशी अपेक्षा करतो!

मन असे का वागते?

जिवावर बेतते, तेव्हा मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. छातीत धडधडते, स्नायू ताठ होतात. धोका टळल्यावरही ही घंटा काही दिवस वाजतच राहते. पेट्रोलचा वास, काच फुटल्याचा आवाज, रुग्णवाहिकेचा भोंगा एवढ्यानेही तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे हळूहळू ओसरते. ते वेडाचे लक्षण नाही आणि भित्रेपणाचेही नाही.

महिना उलटूनही हे कमी झाले नाही आणि झोप, काम, संसार यांत अडथळा येऊ लागला, तर मात्र तो आजार असू शकतो. त्याला आघातोत्तर ताण-विकार, म्हणजेच पीटीएसडी म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये आपल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद केली. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आणखी एक बोच असते आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. शेजारच्या आसनावरचा गेला, मग मीच का वाचलो? घरचे "देवाची कृपा" म्हणतात, तेव्हा त्याच्या मनात येते, 'मग त्याच्यावर कृपा का नाही झाली?' अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नये. वाचणे हा काही गुन्हा नव्हे, हे त्याला पटायला वेळ लागतो. तोवर कुणीतरी ऐकून घेणारे हवे.

घरच्यांनी काय करावे?

तो बोलू लागला, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. तीच हकिगत पाचव्यांदा सांगितली, तरी ऐकावी. तो बोलत नसेल, तर खोदून विचारू नये. आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकापुढे "यांना सांगा ना, कसे झाले ते!" असा आग्रह तर मुळीच धरू नये.

भीती टाळली की ती वाढते. म्हणून पायरीपायरीने पुढे जावे. आधी उभ्या गाडीत नुसते बसावे. मग भावाने किंवा मित्राने गाडी चालवावी, याने शेजारी बसून सकाळच्या शांत वेळी गल्लीतून चक्कर मारावी. ते अंगवळणी पडल्यावर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, स्वतः हँडल हाती घ्यावे. पहिल्याच दिवशी बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत शिरण्याचे धाडस नको.

झोप येत नाही म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेला, हे उपाय धोक्याचे आहेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या तक्रारींसाठी गुंगीच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सांगितले आहे.

डोक्याला मार लागला असेल, तर विसराळूपणा आणि चिडचिड मेंदूच्या दुखापतीमुळेही असू शकते. तिची तपासणी वेगळी करावी लागते. बंगळूरच्या होसूर रोडवरील निम्हान्स या संस्थेत मन आणि मेंदू या दोन्हींचे तज्ज्ञ एकाच आवारात आहेत. गावोगावच्या लोकांसाठी १४४१६ हा 'टेली-मानस' दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे. तो निःशुल्क आहे, रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते. मरणाचे विचार मनात येऊ लागले, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

आणि जिने तो फोन घेतला, तिचे काय? "तुमच्या मिस्टरांना अपघात झालाय," हे शब्द ऐकून जी इस्पितळाकडे धावली, महिनाभर उशाशी बसली, तिलाही धक्का बसलेला असतो. तो घरी यायला दहा मिनिटे उशीर झाला, तरी तिचा जीव खालीवर होतो. तिच्याही पाठीवर कुणीतरी हात ठेवायला हवा.

भाकरतुकडा जरूर ओवाळावा. फक्त त्यानंतरचे वाक्य बदलावे. "विसरून जा" म्हणण्याऐवजी "आठवले तर सांगा, मी इथेच आहे," एवढे म्हटले तरी पुरे. हाड जुळायला प्लास्टरचा आधार लागतो. मन जुळून येईपर्यंत तो आधार घरच्या माणसांनी द्यायचा असतो.