हिशेब फाटकाबाहेरचाही द्या

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण निर्णय कायम राहिला. ‘विंडोज ११’ चालवायची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. या अटींमुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. त्यांतले काही अकोला जिल्ह्यातल्या आपल्या मूर्तिजापुरातही आहेत. सेतू केंद्रात, पतसंस्थेत, अडत्याच्या गाळ्यात आणि शाळेच्या संगणक कक्षात. ते रोज सुरू होतात, सातबारा छापून देतात, पावती काढतात. त्यांच्यात बिघाड नाही. एका कंपनीच्या वेळापत्रकाने त्यांना मोडीत काढले आहे.

याच कंपनीने २०३० पर्यंत ‘शून्य कचरा’ गाठण्याचे उद्दिष्ट २०२० मध्ये जाहीर केले. तिच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर जुने झाले की त्यांचे भाग सुटे करून पुन्हा वापरले किंवा पुनर्चक्रित केले जातात आणि हे प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेल्याचे ती सांगते. पुण्यात २०१५ पासून तिची डेटा सेंटरे आहेत. भारतातल्या आयटी कंपन्याही मागे नाहीत. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना ई-कचरा, बॅटरी आणि घातक कचरा किती टन निघाला आणि त्याचे काय केले, हे दरवर्षी छापावे लागते. हे काम चांगलेच आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. आमचा आक्षेप आहे तो हिशेबाच्या हद्दीवर. हा हिशेब मुख्यतः कंपनीच्या फाटकाच्या आतला आहे. तिच्या निर्णयामुळे तालुक्याच्या गावात जो कचरा होतो, तो कोणाच्याच वहीत चढत नाही.

तो जातो कुठे? भंगाराच्या दुकानात जुना मॉनिटर आला की आधी मागचे प्लास्टिक फोडतात. मग हातोडीचा एक घाव काचेच्या नळीच्या मानेवर बसतो आणि तिच्याभोवतीची तांब्याची गुंडाळी हाताने ओढून काढली जाते. तांब्याला गिऱ्हाईक आहे, काचेला नाही. त्या काचेत किलोच्या हिशेबात शिसे असते आणि ती उकिरड्यावर पडते. तारांची ढिगोळी पेटवली जाते, कारण सोलत बसण्यापेक्षा जाळणे सोपे. तारांवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात मिसळतात. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतले आम्ल नालीत ओतले जाते. भारनियमनाच्या वर्षांत वऱ्हाडात घरोघरी इन्व्हर्टर आले, म्हणजे या बॅटऱ्यांची संख्या लहान नाही. हे काम करणाऱ्याच्या हातात मोजे नसतात आणि बरेचदा पोरगा शेजारीच बसलेला असतो. शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घाव सर्वांत खोल बसतो.

मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथले भूजल मुळातच खारे, म्हणून पिण्यासाठी भिस्त धरणाच्या आणि नदीच्या पाण्यावर. पहिल्या पावसात उकिरड्यावरची राख नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून धातू काढण्याचा धंदा वाढला आणि काठावर काळ्या राखेचे ढीग साचले. तिथवर पोहोचायची वाट आपण का पाहावी?

कायदा आहे, पण त्याला गाव दिसत नाही. २०१६ च्या ई-कचरा नियमांत उत्पादकाला संकलन केंद्रे आणि वस्तू परत घेण्याची व्यवस्था यांचा आराखडा द्यावा लागे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी भर दिला तो प्रमाणपत्रांवर. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याने माल हाताळला की त्याला प्रमाणपत्र मिळते, ते विकत घेऊन उत्पादक आपले उद्दिष्ट पूर्ण करतो. २०२५-२६ साठी हे उद्दिष्ट ७० टक्के आहे. पण ते भरते वजनाने. सगळा माल महानगरांतून उचलला तरी कागद पूर्ण होतो, अकोला जिल्ह्यात गाडी पाठवायची गरजच उरत नाही. ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेलाच देण्याचे बंधन असलेला ‘मोठा ग्राहक’ ठरायलाही वर्षात किमान हजार उपकरणे वापरात असावी लागतात. तालुक्याच्या गावातली शाळा, सेवा केंद्र, दवाखाना यांपैकी कोणीच त्यात बसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०२१-२२ मध्ये देशात १६ लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला ५.२७ लाख टनच अधिकृतपणे हाताळला गेला. उरलेल्या दोन तृतीयांशात आपण आहोत.

अंतराची सबब चालणार नाही. विदर्भासाठी घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र बुटीबोरीला आहे आणि तिथवर जाणारा रस्ता साधासुधा नाही. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला. महिन्यातून एक मालमोटार भरून पाठवणे अवघड नाही, ती भरायची कोणी हे ठरलेले नाही. केंद्राने प्रमाणपत्रांचा ठरावीक वाटा महानगरांबाहेरच्या तालुक्यांतून गोळा झालेल्या मालाचाच असावा, अशी अट घालावी. सॉफ्टवेअर बंद करून चालती यंत्रे निकामी ठरवणाऱ्या कंपनीवरही त्या यंत्रांच्या संकलनाचा खर्च टाकावा. आज ती जबाबदारी फक्त यंत्र बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या किंवा आपल्या नावाने विकणाऱ्यावर आहे.

दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. केरळच्या शाळांत ‘काइट’ ही सरकारी संस्था वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक चालवते आणि खरोखर निकामी झालेली यंत्रे क्लीन केरळ कंपनीकडे सोपवते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतले धडधाकट संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे सहज चालतील. नियमांनी नगरपालिकेवरही स्पष्ट कर्तव्य टाकले आहे: घनकचऱ्यात सापडलेला ई-कचरा वेगळा काढायचा आणि नोंदणीकृत कारखान्यापर्यंत पोहोचवायचा. घंटागाडीला त्यासाठी एक वेगळा कप्पा लागेल. भंगारवाल्यांना मात्र हुसकावून लावू नये. घरोघरी पोहोचणारी यंत्रणा आज फक्त त्यांच्याकडे आहे. त्यांची नोंदणी करावी, मोजे द्यावेत आणि न फोडलेल्या मॉनिटरला फोडलेल्यापेक्षा जास्त भाव मिळेल अशी सोय करावी.

सरकारी कार्यालयांपासून सुरुवात व्हावी. मार्चअखेर जवळ आला की निर्लेखनाच्या, म्हणजे जुने सामान नोंदीतून काढून टाकण्याच्या, फायली निघतात, जुने संगणक लिलावात जातात आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मिळतात. जो सुरक्षिततेवर एक पैसाही खर्च करत नाही, तोच सर्वाधिक बोली लावू शकतो. अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हे लिलाव फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाने आणि दुरुस्ती करणाऱ्या नोंदणीकृत संस्था यांच्यापुरते मर्यादित करणारा आदेश येत्या निर्लेखनाआधी काढावा.