अदृश्य किरणांसाठी पैसा कोणी घालायचा?

करोनाकाळात दुकानाच्या दारात कपाळासमोर धरले जाणारे 'पिस्तूल' सर्वांना आठवत असेल. आपल्या शरीरातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण ते मोजत असे. या किरणांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रोमीटर असते. डोळ्यांना मात्र जेमतेम 0.7 मायक्रोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. कपाळाचे तापमान सांगण्यापुरता संवेदक आज स्वस्तात मिळतो. पण दूरच्या दीर्घिकेतून आलेले मोजके किरण टिपायचे, तर गोष्ट फार अवघड होते.

अवरक्त किरणांची ऊर्जा कमी असते आणि संवेदक स्वतःही उष्ण असतो. त्याच्या उष्णतेच्या गोंगाटात बाहेरून आलेला क्षीण संकेत बुडून जातो. म्हणून संवेदनशील संवेदक थंड ठेवावे लागतात. जेम्स वेब दुर्बिणीवरील मध्य-अवरक्त उपकरण उणे 266 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले जाते. दुसरी अडचण पदार्थाची. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे संयुग या कामात अव्वल मानले जाते. कॅडमियमचे प्रमाण बदलले की कोणते किरण टिपायचे ते ठरवता येते. पण त्यातील पारा सहज निसटतो आणि निर्दोष स्फटिक वाढवणे जिकिरीचे होते.

ब्रिटनच्या सरकारी रडार संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये या संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. पुढची अनेक दशके त्यावर पैसा ओतला तो मुख्यतः संरक्षण खात्यांनी. कारण उघड आहे: खर्च मोठा, ग्राहक मोजके आणि यशाची हमी नाही. अशा कामात खासगी कंपनी एकटी उतरत नाही. थंड करावे न लागणाऱ्या संवेदकांची कथाही तीच. अमेरिकी लष्कराच्या निधीतून ते विकसित झाले, 1992 पर्यंत गोपनीय राहिले आणि त्यानंतर अग्निशमन दलाच्या कॅमेऱ्यांपासून इमारतींच्या तपासणीपर्यंत पोहोचले. सरकारी पैशाने उद्योग उभा राहिला हे खरे; पण गोपनीयतेमुळे नागरी उपयोग लांबला, हेही तितकेच खरे.

भारतापुढचा प्रश्न इथेच सुरू होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हानले आणि देवस्थळ येथील दुर्बिणींसाठी अवरक्त उपकरणे उभारली. मात्र त्यांच्या केंद्रस्थानी असलेले संवेदक परदेशी आहेत. असे संवेदक लष्करीदृष्ट्याही महत्त्वाचे असल्याने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध असतात. म्हणजे पैसे मोजायची तयारी असली तरी हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळेलच असे नाही. डीआरडीओच्या दिल्लीतील प्रयोगशाळेने या क्षेत्रात काम केले आहे. पण त्याचा रोख प्रामुख्याने संरक्षणाकडे आहे.

देशाचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या सुमारे 0.64 टक्के आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत 50 हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातील मोठा वाटा बिगरसरकारी स्रोतांतून यावा अशी अपेक्षा आहे. 2025 मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा निधीही खासगी संशोधनाला चालना देण्यासाठी आहे. मात्र अशा योजनांतील पैसा बाजाराच्या जवळ पोहोचलेल्या तंत्रज्ञानाकडे सहज वळतो. स्फटिक वाढवण्याची विद्या तशी नाही. ती हातात मुरायला वर्षे लागतात आणि निधी मध्येच आटला की तयार झालेली माणसे पांगतात.

म्हणून निधीच्या रकमेइतक्याच त्याच्या अटी महत्त्वाच्या आहेत. तो दीर्घ मुदतीचा हवा, अपयशाला जागा देणारा हवा, आणि संरक्षणाबरोबरच खगोलशास्त्र, हवामान आणि वैद्यकीय उपयोगाचे दार पहिल्या दिवसापासून उघडे ठेवणारा हवा. उपकरण विकत घेता येते; ते घडवण्याचे कौशल्य मात्र घडवावेच लागते.